दादाचे पन्नास, माझे चौपन्न

दादा, तुझा कावळा अगदी तुझ्यासारखाच हट्टी निघाला.

दहाव्याला घाटावर पिंड मांडून आम्ही वीस माणसं पाऊण तास उभे होतो. तो समोरच्या पिंपळावर बसला होता. चांगला धष्टपुष्ट, मान वाकडी करून सगळं बघत होता, आणि खाली यायचं नाव घेत नव्हता. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोलून दाखवा. तुझ्या अजयने हात जोडले. "बाबा, जीप विकणार नाही. लाख मी पूर्ण करतो. प्रॉमिस." कावळा हलला नाही. मग वहिनी पुढे झाली. "अहो, अजयच्या बाजूला मी स्वतः बसेन. सतराशे पंच्याऐंशी किलोमीटर तर राहिले आहेत, होऊन जातील." कावळ्याने चोचीने पंख साफ करायला घेतले.

सगळ्यांना ठाऊक होतं तुझं काय राहिलं ते. जीपचा मीटर पाच आकड्यांचा. त्यावर नऊ-नऊ-नऊ-नऊ-नऊ जाऊन पाच शून्यं आलेली तुला या डोळ्यांनी बघायची होती. नातवाचं लग्न नाही, काशी नाही, लाख किलोमीटर. आणि तू गेलास तेव्हा मीटर अठ्ठ्याण्णव हजार दोनशे पंधरावर होता. बायका हळहळत होत्या, एवढ्यासाठी राहिलं बिचाऱ्यांचं.

माझी सहनशक्ती संपली. तुला माहीत आहे, ती मुळातच फार नाही. मी चपला काढल्या, पिंडापाशी गेले आणि शाळेत शेवटच्या बाकापर्यंत जायचा तसा आवाज काढून म्हटलं, "दादा, हे लोक तुला झालेलीच गोष्ट पुन्हा करून द्यायला निघालेत. तुझा लाख झालाय. मागेच झालाय. मीटर उघडून सिद्ध करून दाखवीन. आता खाली ये."

तो आला. सरळ आला आणि शिवला.

माझं ऐकून आला की त्याला भूक लागली होती, ते मी सांगू शकत नाही. चौतीस वर्षं गणित शिकवलं, योगायोगाला पुरावा म्हणायचं नाही हे मुलांच्या डोक्यात भरलं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, गुरुजीसुद्धा. वहिनीने माझा हात घट्ट धरला होता. वीस माणसांसमोर शब्द दिला होता, आणि तोही मेलेल्या भावाला. आता माघार घ्यायची सोय नव्हती. ज्या वादात तू मला अकरा वर्षं दाद दिली नाहीस, तो मला तुझ्या माघारी जिंकून दाखवायचा होता. खरं सांगते, मला तो तुझ्या समोर जिंकायचा होता.

तू सिंचन खात्यात आयुष्य काढलंस, पण खात्याने तुझ्यात एकच गोष्ट कायमची ठेवली, ती म्हणजे लॉगबुक. स्वतःची जीप घेतलीस तेव्हा पेढ्यांच्या आधी लॉगबुक आणलंस. दिनांक, कुठून, कुठे, चालक, रीडिंग, प्रयोजन. गाडीत बसणाऱ्याने निघताना आणि पोचल्यावर मीटर मोठ्याने वाचायचा, मग चालकाने तो आकडा मागे म्हणायचा, मग लिहायचा. नवी सून असो की आजारी पाहुणा, कोणाला सुटका नव्हती. आणि प्रयोजन लिहिल्याशिवाय तू गाडीतून उतरत नव्हतास. "प्रयोजन: भाजी." "प्रयोजन: डोसा, सौ. रुष्ट असल्याने." मी इंदुरातच पलासियाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले त्या आठवड्यातलं माझ्या पाठ आहे: "कुमुदकडे गेलो. प्रयोजन: विचारपूस. भांडण होऊन परत." आईच्या अस्थी घेऊन नर्मदेवर गेलो त्या दिवशी रकान्यात एकच शब्द आहे: "आई." पंचवीस वर्षांत प्रयोजनाचा एकही रकाना कोरा नाही, हे तू येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचास. बिनकामाचा माणूस फिरतो, बिनकामाची गाडी फिरत नाही, असं तुझं म्हणणं.

टायर बदलले तो दिवसही लॉगबुकात आहे. मूळ मापाचे टायर मिळेनात, म्हणून दुकानदाराने मोठे दाखवले आणि तू त्यांच्या प्रेमात पडलास. दुकानापाशी पोचलो तेव्हा मीटर सत्तेचाळीस हजार नऊशे शहाण्णववर होता. तू उतरलाच नाहीस. बडा गणपतीकडे उगाच एक चक्कर मारून आलास, चार किलोमीटर भरलेस, आणि बरोबर अठ्ठेचाळीस हजारांवर गाडी उभी केलीस. लिहिलंस, "प्रयोजन: पूर्णांक." तुझ्यासारख्या माणसावर चिडावं की हसावं, हे मला तेव्हाही कळलं नाही.

मोठे टायर चढले, जीप दीड-दोन बोटं उंच झाली, आणि जीपहून तू जास्त उंच झालास. तिथेच, दुकानाच्या फूटपाथवर, मी तोंड उघडलं.

"दादा, आता तुझा काटा कमी दाखवणार. पन्नास दाखवेल तेव्हा तू चौपन्नच्या आसपास असशील."

"कुमे, तू फालतू टेन्शन घेतेस यार. चाक मोठं झालं तर काटा पण मोठंच बोलेल ना?"

"उलटं आहे. मीटरला रस्ता दिसतो का? गिअरबॉक्समधून एक केबल येते, ती फक्त फेरे मोजते. आता एका फेऱ्यात गाडी जास्त जाणार आणि मीटर जुन्याच मापाने मोजणार."

"कंपनीनं बसवलेला मीटर आहे. तुझ्या शाळेनं नाही बसवला."

झालं. त्या दिवसापासून दर रविवारी पोह्यांबरोबर हा वाद. मी वाटीभर शेव संपेपर्यंत समजावायची आणि तू पोह्यांवरचा जिरावण मसाला चाटत "हां हां" करायचास. घरात म्हणच पडली, दादाचे पन्नास. तू पाच मिनिटांत येतो म्हणालास की वहिनी विचारायची, खरे पाच की तुमचे पाच. दोन पोळ्या खाल्ल्या म्हणालास की सून हसून तिसरी मोजायची. तू मात्र ढिम्म.

बायपासवर पोलिसांनी अडवलं ते आठवतं? तुझा काटा ऐंशीवर, त्यांच्या मशीनमध्ये शहाऐंशी. तू खिडकीतून डोकं काढून त्या हवालदाराला म्हणालास, "भिया, आपकी मशीन के टायर किसने बदले, जरा देख लो." आणि मी मागच्या सीटवरून म्हटलं, "साहब, मशीन सही है." तो बिचारा हसून हसून बेजार झाला आणि ताकीद देऊन त्याने आपल्याला सोडलं. तू चार दिवस माझ्याशी बोलला नाहीस. लॉगबुकात त्या फेरीचं प्रयोजन लिहिलंस, "फितुरी."

मग लाखाचं वेड लागलं. मीटर पंच्याण्णव हजारांवर गेला आणि तू रोज सकाळी नातवंडाचं वजन सांगावं तसं रीडिंग फोनवर सांगायला लागलास. मी म्हणायची, अरे लाख होऊनसुद्धा गेला असेल, एकदा मोजून तर घेऊ. "काट्यावर दिसेल तो लाख," तू म्हणायचास. शेवटचा फोनसुद्धा त्याच विषयावर. तू हसत होतास, आणि मी चिडून म्हटलं, "तुला हे शेवटपर्यंत कळणार नाही." फोन ठेवला. दोन दिवसांनी तू गेलास.

दादा, ते वाक्य मला खात होतं. तेराव्यापर्यंत लोक येत होते, तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते, मी चहा देत होते आणि डोक्यात तेच, शेवटपर्यंत, शेवटपर्यंत. भांडण आपलं रोजचं होतं, पण त्या दिवशी मी फोन आपटला होता. तो उचलून पुन्हा लावायला मला काय झालं होतं?

तेरावा झाला. अजय बंगळूरला परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खडू, टेप आणि वही घेऊन तुझ्या दारात हजर झाले.

मीटर दुरुस्त करायचा तर आधी जुन्या आणि नव्या चाकाचं माप हवं. जुनं माप आणायचं कुठून, याची मला काळजी होती. पण तुझा चिकटपणा कामाला आला. तू स्टेपनी बदललीच नव्हतीस. "स्टेपनीला कोण बघतं," म्हणून जुन्या मापाचं चाक मागे तसंच लटकत होतं. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला बोलावलं, त्याने जॅक लावून ते चढवलं. टायरवर खडूची रेघ, खाली जमिनीवर रेघ, गाडी ढकलायची, टायरवरची रेघ पुन्हा खाली आली की थांबायचं आणि मधलं अंतर मोजायचं. एवढंच काम.

पण मला तुझा आवाज ऐकू आला. "रिकाम्या गाडीचं माप काय घेतेस? वजन पडलं की टायर दबतो." तुझा हा आक्षेप खरा होता, म्हणून मी वहिनीला म्हटलं, तू स्टिअरिंगवर बस.

"मी? मी कशाला?"

"दादाचं वजन पाहिजे."

"माझं काही तेवढं नाही आहे हं," वहिनी म्हणाली आणि लगेच स्वतःच आत गेली, गव्हाचं अर्धं पोतं ओढत घेऊन आली. आम्ही ते तिच्या शेजारी ठेवलं. वहिनी आणि अर्धं पोतं मिळून तू झालास. ती स्टिअरिंग धरून बसली, आरशात स्वतःला बघितलं आणि इतकी हसली, इतकी हसली, की पदर डोळ्यांना लावावा लागला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली. मीही हसले. गल्लीतल्या लोकांना वाटलं असेल, या दोघींचं काहीतरी बिघडलं.

जुनं चाक एका फेऱ्यात दोनशे पंचवीस सेंटिमीटर जात होतं. नवं, दोनशे त्रेचाळीस. तीन तीन वेळा मोजलं. टायर झिजतो, हा तुझा दुसरा आक्षेप मी विसरले नव्हते. झिजलेल्या टायरवरच मोजत होते, म्हणजे चूक झालीच तर तुझ्याच बाजूने होणार होती. आणि आकडे बघ, दोघांनाही नवाने भाग जातो. पंचवीस आणि सत्तावीस. असे आकडे परीक्षेच्या पेपरात मी स्वतः बेतून घालायची, इथे ते रस्त्यावर आपोआप निघाले. मी ओट्यावर बसून खडूने मांडलं. अठ्ठेचाळीस हजारांपर्यंत मीटर खरा. त्यापुढे मीटरवरच्या प्रत्येक पंचवीसचे खरे सत्तावीस. तू गेलास त्या दिवशी तुझी जीप एक लाख दोन हजार दोनशे बत्तीस किलोमीटर चाललेली होती. लाख झाला तेव्हा मीटर शहाण्णव हजार एकशे अठ्ठेचाळीसवर होता.

वहिनीने खडूचे आकडे पाहिले. तिला हिशोब कळला नाही, पण माझा चेहरा कळला.

"झाला ना गं खरंच?"

"झाला."

ती माझ्या शेजारी ओट्यावर बसली. मग म्हणाली, "पण तू कावळ्याला मीटर उघडून दाखवते बोलली होतीस. खडूनं लिहून नाही चालणार."

म्हणून सियागंज. हार्डवेअरच्या दुकानांच्या गर्दीतून, पोती आणि हातगाड्या चुकवत, त्या अरुंद जिन्याने वर. सत्तू भिया, ज्याच्याशिवाय तू कुणाला मीटरला हात लावू देत नव्हतास, डोळ्याला भिंग लावून एका स्कूटरच्या मीटरवर वाकला होता. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, त्याने मला. मी माझी ओळखही न देता सांगायला सुरुवात केली. केबल जिथे गिअरबॉक्सला लागते तिथे बसवायची एक छोटी डबी पाहिजे, आत दोन दातेरी चाकं, केबल जरा जास्त वेगाने फिरवायची, एकाला सत्तावीस दाते, दुसऱ्याला पंचवीस.

त्याने भिंग काढलं.

"सत्ताईस-पच्चीस? आप कुमुद बहनजी हो क्या?"

मी हो म्हटलं. तो उठला, मागच्या खणातून एक खाकी पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. वजनदार होतं. पाकिटावर तुझं अक्षर, तेच खात्यातलं, रेघ मारून ओळी पाडलेलं:

"विषय: कुमुदचे म्हणणे. निर्णय: मान्य. अंमलबजावणी: स्थगित."

आत डबी होती. सत्तावीस आणि पंचवीस.

"साहब बनवा के रख गए थे," सत्तू भिया म्हणाला. "साल भर होने आया. खुद चाक से नाप के लाए थे. मैंने बोला, साहब, लगा दूँ? बोले, अभी नहीं भिया. ये लग गई तो मेरी बहन इतवार को किस बात पे लड़ने आएगी?"

मी त्याच्या स्टुलावर बसले. तो पाणी आणायला धावला. दादा, आधी मला तुझा भयंकर राग आला. वर्षभर. वर्षभर दर रविवारी तू पोहे खात माझ्या तोंडाकडे बघत होतास, मी घसा कोरडा करत होते, आणि तुझा निर्णय पाकिटात बंद होता. तू शिकलेला, मोजलेला, पटलेला माणूस, आणि मला म्हणत होतास, "काट्यावर दिसेल तो लाख." त्या शेवटच्या फोनवर तू का हसत होतास, ते मला त्या स्टुलावर कळलं. मी म्हणत होते तुला कळणार नाही, आणि तुला कळून वर्ष होत आलं होतं.

मग राग गेला आणि मी जिंकले होते. अकरा वर्षांनी, लेखी, तुझ्या सहीशिवाय पण तुझ्या अक्षरात. मान्य. सियागंजच्या त्या कोंदट माळ्यावर मी रडत होते आणि मला इतका आनंद झाला होता, की खाली उतरून पहिल्या भेटलेल्या हमालाला पाकीट दाखवावं असं वाटत होतं. तुला पहिलीपासून माझ्यापेक्षा जास्त मार्क. तुझी सायकल आधी, तुझी नोकरी आधी. एकदा तरी तू माझ्यापुढे हरावंस, ही माझी लहानपणापासूनची इच्छा. बघ, इच्छा फक्त गेलेल्यांच्या राहत नाहीत.

सत्तू भिया म्हणाला, "आँकड़े भी आगे सरका दूँ बहनजी? जितना असली चला है उतना? दो मिनट का काम है." मी नको म्हटलं. तुझे आकडे तुझेच राहू देत. एकेक आकडा कोणीतरी शेजारी बसून मोठ्याने वाचलेला आहे, लॉगबुकात लिहिलेला आहे. पुढचं खरं मोजलं जावं, एवढंच मला हवं होतं. मागचं मी मोजलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः आला, जीपखाली सरपटत गेला आणि दहा मिनिटांत हात पुसत बाहेर आला. "लो बहनजी, अब काँटा आपकी भाषा बोलेगा."

आता चालवायचं कुणी? जीप मला चालवायला द्यायची नाही हा तुझा नियम. वीस वर्षांपूर्वी तुझ्या फाटकाच्या खांबाला मी हलकासा धक्का दिला, त्याची शिक्षा. पण वहिनीने किल्ली माझ्या हातात ठेवली, लॉगबुक मांडीवर घेतलं आणि शेजारी चढून बसली. निघताना तिने मीटर वाचला, "अठ्ठ्याण्णव हजार दोनशे पंधरा." मी मागे म्हटलं. दोघींचाही आवाज बरा निघाला.

खंडवा रोडला लागलो. मी मोबाइल समोर ठेवला होता, वेग दाखवणारा. काटा पन्नासवर नेला. मोबाइल पन्नास. साठवर नेला. साठ. पण तुला मोबाइल पटला नसता. "वरून बघणारी बाई," म्हणायचास. तू फक्त दगड मानायचास, रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड, जे तू खात्यात असताना उन्हात उभं राहून मोजलेले. म्हणून एका दगडापाशी थांबले, रीडिंग घेतलं आणि निघाले. वहिनी खिडकीतून दगड मोजत होती. "एक." "दोन." सातव्याला तिचा आवाज चढला. दहाव्या दगडापाशी गाडी उभी केली तेव्हा मीटर बरोबर दहा किलोमीटर पुढे होता. दहा म्हणजे दहा. वहिनीने डॅशबोर्डवर हलकेच थाप मारली, जशी तू मारायचास, आणि म्हणाली, "हरलात हं तुम्ही." आणि मग आम्ही दोघींनी त्या रस्त्याच्या कडेला, ट्रक जात-येत असताना, तुझ्या नावाने टाळ्या वाजवल्या. तुझ्या हरण्याला मिळालेल्या त्या टाळ्या तुझ्या निवृत्तीच्या सत्काराच्या टाळ्यांहून कमी नव्हत्या.

तिथेच मला सुचलं. "वहिनी, जुनं बघ. शहाण्णव हजार एकशे अठ्ठेचाळीस. कुठे आहे ते?"

ती पानं उलटत मागे गेली. थंडी संपता संपताचं एक पान. इंदूर ते महेश्वर. तेव्हा ती अजयकडे गेली होती, आपण दोघंच होतो. तिने वाचलं, आणि मग मधल्या एका ओळीवर थांबली.

"इथं चालक म्हणून तुझं नाव आहे."

मला आठवलं. दादा, मला सगळं आठवलं. महूच्या पुढे, जाम गेटच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर तू एकदम गाडी बाजूला घेतलीस. उतरलास, वळसा घालून माझ्या बाजूला आलास. "उतर. आता तू चालव."

"मी? आणि खांब?"

"इथं खांब नाही. बरोबर दहा किलोमीटर. मग मी घेतो."

मला वाटलं तुझा खांदा दुखतोय. मी घाबरतच निघाले. तू एरवी शेजारी बसलास की ब्रेक, क्लच, हॉर्न, सगळं तोंडाने चालवायचास. त्या दिवशी चकार शब्द नाही. नजर मीटरवर. पाचेक किलोमीटर झाले असतील, तू "हं" म्हणालास, अगदी हळू, आणि पायाशी ठेवलेला डबा उघडलास. मावाबाटी. साखरेमुळे तुला बंद केलेली मावाबाटी. अर्धी मोडून माझ्या तोंडात घातलीस, मी स्टिअरिंग धरून, आणि अर्धी तू खाल्लीस.

"दादा, आज काय विशेष?"

"समोर बघ. वहिनीला सांगायचं नाही."

पोचल्यावर मी चिडवलं, "आता लॉगबुकात काय लिहिणार? प्रयोजन काय?" आणि तू, भाजीलासुद्धा प्रयोजन लिहिणारा तू, म्हणालास, "प्रत्येक गोष्टीला प्रयोजन लागतं का गं?"

मी तेव्हा तुझ्याकडे नीट पाहिलं का नाही?

वहिनीने पान माझ्यापुढे धरलं. तुझ्या अक्षरात: चालक, कुमुद. रीडिंग ९६,१४३ ते ९६,१५३. आणि शेवटचा रकाना कोरा. पंचवीस वर्षांतला एकुलता एक. पाच किलोमीटर अलीकडे आणि पाच पलीकडे, आणि बरोबर मध्ये तो. नेमका लाख कदाचित थोडा आधीच झाला असेल, टायर तेव्हा कमी झिजलेला होता. पण तुझ्या आणि माझ्या हिशोबाने तो तिथेच होता. ज्या एका किलोमीटरसाठी तू पंचवीस वर्षं गाडी हाकलीस, तो आला तेव्हा तू उतरून माझ्या बाजूला बसलास. आणि लिहिलं असतंस तर मी जिंकले असते, म्हणून लिहिलं नाहीस. रकाना माझ्यासाठी मोकळा ठेवलास.

वहिनीने पर्समधून पेन काढून दिलं. रस्त्यावर ट्रक जात होते, जीप हलत होती, म्हणून मी लॉगबुक स्टिअरिंगवर टेकवलं, आणि वहीत मुलांनी अक्षर कसं काढावं हे जसं शिकवायची तसं, सावकाश, त्या रकान्यात लिहिलं: "लाख."